माळ्यावरची काळी माती

शिरपूर जैन
१२ मार्च २०२४

राखी,

आशीर्वादाचं नंतर बघू. आधी हे सांग, माझ्या माळ्यावर माती कुणाला विचारून टाकलीस?

फोनच केला असता. पण माझा फोन तू उचलत नाहीस, आणि हरीओम उचलतो तो "बाई, मी गाडीवर हावो, मंग बोलतो" एवढं सांगण्यापुरता. शिवाय फोनवर बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणी कबूल करत नाही. कागदावरचं करावं लागतं. म्हणून हे पत्र किसनसिंगच्या हाती देते आहे. तो रोज भाजीची गाडी घेऊन इथून वाशीमच्या बाजाराला जातो, तुझ्या दारावरूनच. उत्तर द्यायचं असलं तर त्याच्याकडे दे.

रविवारी मी आईला भेटायला आले होते. ओली साडी वाळत घालायला गच्चीवर निघाले तर जिन्याच्या दाराला कुलूप. चावी मागितली तर तू म्हणालीस, "वर काम चालू हाये ताई." सून मला माझ्याच माळ्याची चावी देत नाही! मग मी शेजारच्यांच्या गच्चीवर चढले आणि कठड्यावरून पाहिलं. अख्ख्या स्लॅबवर वीतभर माती. आणि माझ्या सळयांना तू कपड्यांची दोरी बांधलेली.

त्या सळया कशाच्या आहेत ते विसरली असशील तर आठवण करून देते. बाबांनी घराचा स्लॅब टाकला तेव्हा चारी खांबांच्या सळया मुद्दाम वर मोकळ्या सोडल्या. वास्तूच्या पंगतीत, सगळे पाव्हणे जेवत असताना म्हणाले, "खालचं घर हरीओमचं, वरचा माळा उज्ज्वलीचा. तिले जवा जमन तवा बांधन." तू तेव्हा त्याच पंगतीत वाढत होतीस. बाबा गेले, सळया उभ्या आहेत. माहेरी मी अजून हातात पिशवी घेऊन पाहुणीसारखी उतरते. एक खोली मला तिथे बांधायची आहे, जिची चावी माझ्याकडे असेल. एवढंच मागणं आहे माझं. आणि त्या जागेवर तू वावर केलंस.

गंमत बघ. आमचं शिरपूरचं घर धाब्याचं. लाकडी तुळया, वर काड्या आणि त्यावर मातीचं सपाट छप्पर. माझ्या पोरीच्या बारशाला आलीस तेव्हा वर बघून माझ्या जावेसमोर म्हणालीस, "अजून मातीच्याच घरात राह्यता काय ताई?" माझी जाऊ अजून तुझी नक्कल करते. आणि आता तूच सिमेंटच्या घरावर माती चढवते आहेस.

चढव. माती मात्र एक नंबर निवडलीस. कामरगावची काळीभोर, तुझ्या बापाच्या वावरातली. तिच्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

कधी उतरवतेस ते कळव.

उज्ज्वला


वाशीम
१६ मार्च २०२४

उज्ज्वलाताईंना नमस्कार,

नमस्कार लिहिते, कारण माझ्या आईवडिलांनी मला तो शिकवला आहे.

मागच्या मे महिन्यात आईंना ऊन लागलं. बाजारात नाही, रस्त्यावर नाही, त्यांच्या पलंगावर लागलं. त्यांची खोली पश्चिमेची, वर उघडा स्लॅब. दिवसभर तापतो आणि रात्रभर ती सगळी आग खाली सोडतो. कूलर आहे. पण कूलरला लाइट लागते आणि पाणी लागतं. लाइट दुपारी जाते आणि नळ आठवड्यातून एकदा येतो. आईंना उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा त्या मला ओळखत नव्हत्या. तुम्ही नंतर केळी घेऊन आलात, तासभर बसलात, पंख्याला नावं ठेवलीत आणि शेवटच्या बसने गेलात.

डॉक्टर म्हणाले, म्हातारीला खोली बदलून द्या. घरात दुसरी खोली नाही. तुमच्याकडे पाठवायची गोष्ट आईंसमोर मी स्वतः काढली. त्या म्हणाल्या, "पोरीच्या घरी चार दिस पाहुनचार घ्यावा. मराले नाई जात मी तिथं." यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर त्यांनाच सांगा.

आमच्या बचत गटाला एक प्रशिक्षण होतं. तिथे दाखवलं, की जगात आपल्यापेक्षा कोरड्या प्रदेशातली शहरं आता घरांच्या छतांवर मातीचा थर टाकून कमी पाण्याची झाडं लावतात. ऊन स्लॅबला लागतच नाही, खालची खोली थंड राहते. गल्लीतली दहा घरं तशी झाली तर गल्लीसुद्धा थंड होते. मी ते बघत होते आणि मला आईंचा पलंग दिसत होता.

ताई, तुमचा माळा हवेत आहे. आई पलंगावर आहेत. मी पलंगाकडे बघितलं. कुलूप लावलं ते तुमच्यासाठीच लावलं. तुम्ही फावडं घेऊन वर गेला असतात, मी ओळखते तुम्हाला.

बारशाला मी हसले होते, खरं आहे. छतातून माझ्या चहात माती पडली होती.

माती चांगली आहे एवढं तरी तुम्ही मानलंत. माझ्या बाबांनी वावरातली सगळ्यात कसदार जागा खणून दिली.

राखी


शिरपूर जैन
२० मार्च २०२४

राखी,

किसनसिंग म्हणतो, "ताई, तुमची चिठ्ठी ठेवली का मायावाला खिसा तापते." मी म्हटलं, तुला काय करायचं, तू भाजी वीक.

केळ्यांचं काढलंस ते बरं केलंस. माझ्या आईसाठी मी काय आणलं याचा हिशोब तू ठेवतेस हे आता लेखी झालं. तासभर बसले म्हणतेस. बसायला दिलंस कुठे? पलंगाच्या कडेवर बसले तर म्हणालीस, चादर आत्ताच बदलली.

आई लेकीकडे राहत नाही, ही तिची जुनी खोड मला माहीत आहे. धाब्याखाली मे महिन्यात पहाटे गोधडी लागते, तरी ती येणार नाही. म्हणून तर मला तिच्या डोक्यावर खोली हवी होती! माझा माळा उभा राहिला असता तर आईच्या स्लॅबला ऊन लागलं नसतं आणि मीही तिच्याजवळ असते. बाबांनी ते आधीच ओळखलं होतं. आता वीतभर माती टाकून माझं बांधकाम कायमचं अडवायचं आणि वर सेवेचं नाव द्यायचं, वा!

ज्या गावात नळ आठवड्यातून एकदा येतो, तिथे तू छतावर गवताला पाणी पाजणार. पाज. मी आता काही बोलणार नाही. पाऊस येऊ दे, मग तुझ्या काळ्या मातीला हार घालायला मी स्वतः येते.

उज्ज्वला


वाशीम
१४ मे २०२४

उज्ज्वलाताईंना,

तुम्ही दोन महिने गप्प आहात. आईंना भेटायला आलात तेव्हा माझ्याशी बोलला नाहीत, उंबऱ्यापासून सरळ पलंगापर्यंत गेलात. म्हणून कागदावरच सांगते.

नर्सरीतून आणलेली हिरवळ मेली. हे मी स्वतः सांगते, म्हणजे तुम्हाला दुसऱ्याकडून ऐकायचा आनंद नको. पण तिच्या जागी मातीतून आपोआप घोळ उगवली. जाड पानांची, आंबट, जी आपण भाजीला खुडतो तीच. आंघोळीचं पाणी बादलीने वर नेते, तेवढ्यावर ती तगली आहे. नळाचा एक थेंब लागत नाही. मातीला भेगा पडल्या, काही ठिकाणी हात जाईल एवढ्या, आणि भेगांतून ऊन आत जातं, तेही खरं. तरीपण स्लॅबला खालून हात लावला तर चटका बसत नाही. आई यंदा दुपारी झोपतात. घोरतात. त्यांचं घोरणं ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं.

मध्येच काहीतरी बरळतात मात्र. परवा विचारत होत्या, "छतावर पांढरी टाकली ना व?" मी म्हटलं, काळी आहे आई, पांढरीपेक्षा कितीतरी चांगली. वय झालं आता.

हार तयार ठेवा.

राखी


वाशीम
२३ जुलै २०२४

उज्ज्वलाबाई,

आज ताई लिहिणार नाही.

गुरुवारपासून झड लागली होती. काळी माती पाणी पीत गेली आणि फुगत गेली. गाळ वाहून आला, पाण्याचा पाइप तुंबला आणि गच्चीचं डबकं झालं. खाली ताडपत्री घातली होती ती भेगा बुजवताना खुरप्याने कुठेतरी फाटली असणार. शनिवारी आईंच्या खोलीचं छत काळं पडलं. आम्ही भांडी मांडली. रविवारी सकाळी आईंना हात धरून मोरीत नेलं होतं, तेव्हा मागे आवाज झाला. परतलो तर छताचा परातीएवढा पोपडा त्यांच्या उशीवर पडलेला. ज्या जागी त्यांचं डोकं असतं, बरोबर त्या जागी.

हरीओम आणि गल्लीतली माणसं पावसात वर चढली. चिखल एवढा जड, की फावडं रुतलं की निघेना. संपूर्ण दिवस उपसत होते. आईंना मी स्वयंपाकघरात निजवलं. तिथे त्या म्हणाल्या, "काळी कायले टाकली व? काळी फुगते. धाब्यावर पांढरीच टाकतेत, तिच्यावरून पानी घसरून जाते. उज्ज्वलीले तं मालूम हाये. दरसाल तेच टाकते ना आपल्या घरावर."

मी तुमची मार्चमधली पत्रं काढली. "माती मात्र एक नंबर निवडलीस. तिच्याबद्दल मला काही बोलायचं नाही." "पाऊस येऊ दे." मी ते वाचून तेव्हा खूश झाले होते. आज समजलं की तुम्ही काय लिहिलं होतं.

तुम्हाला माहीत होतं. दरवर्षी पावसाळ्याआधी स्वतःच्या छतावर तुम्ही स्वतः माती पसरता. एक ओळ लिहायची होती. राखी, काळी नको, पांढरी टाक. एवढा कागद तुम्ही शिव्यांना वापरला, त्यातली एक ओळ आईला दिली नाहीत. मला बुडवायचं होतं ना? मी तर उभी आहे. उशी गेली.

पुन्हा माझ्या दारात आईच्या नावाने रडू नका.

राखी


शिरपूर जैन
२५ जुलै २०२४

राखी,

हो. माहीत होतं.

मला वाटलं, थोडं गळेल, भिंतीवर डाग पडतील, गल्ली तुला हसेल आणि तू गुपचूप माती उतरवशील. बारशाची फिटंफाट होईल. त्या छताच्या खाली आईची उशी आहे हे मी मनात येऊच दिलं नाही. तुझं पत्र वाचल्यापासून मला ती उशीच दिसते आहे. तिचा अभ्रा मी शिवला होता. याच्यावर तू मला आणखी काही सुनावायची गरज नाही, माझं मी बघते.

पण तूही सुटत नाहीस. मे महिन्यातलं तुझं पत्र माझ्याजवळ आहे. आईने तुला विचारलं होतं, पांढरी टाकली ना. तू लिहिलंस, बरळतात. जिने लग्नाआधीची सगळी वर्षं बापाच्या घरी धाब्यावर माती चोपली, तिला तू समजावून सांगितलंस की काळी चांगली. कपाशीला चांगली, गव्हाला चांगली, म्हणून छतालाही चांगली! बापाच्या वावराचा एवढा ताठा, की म्हातारीला एकदा "काहून" असं विचारावंसं वाटलं नाही. ती तुला सांगत होती आणि मी लपवत होते. आता तूच ठरव कोण जास्त चुकलं. माझं ठरलेलं आहे, पण तुला सांगणार नाही.

आता काम ऐक. माती पूर्ण उतरव, ढेकूळसुद्धा ठेवू नको. स्लॅब वाळू दे. उघाड मिळाली की गवंड्याकडून विटांचे तुकडे आणि चुना-सिमेंटचा कोबा घालून घे, उतार पाइपकडे. पाइप मोठा घे. माळा माझा आहे, गवंडी मी पाठवते, त्यावर वाद नको. पोळा झाला की मी आणि गणेश, दोघं नवराबायको, ट्रॉली घेऊन येऊ. खाली पांढरी माती, चार बोटं, चोपून. वर मुरूम, विटांचा चुरा आणि थोडं शेणखत, हलकं. त्यात घोळ आणि बांधावरचं मारवेल गवत. वर्षभर पाणी नाही मिळालं तरी ते मरत नाही, नर्सरीची नाटकं आणू नको.

सळयांना हात लावायचा नाही. दोरी सोड.

आम्ही जेवण घरून बांधून आणू. तुझ्या हातचा चहासुद्धा नको.

उज्ज्वला


वाशीम
१० सप्टेंबर २०२४

उज्ज्वलाताईंना,

दोरी सोडली आहे.

काम झालं. परवा पाऊस येऊन गेला, पाणी सरळ पाइपातून खाली उतरलं, छत कोरडं आहे. हे तुमच्या मातीचं काम, मान्य करते. दिवसभर आपण दोघी एका छतावर होतो आणि तुम्ही माझ्याशी एकदाच बोललात, "चोपणं दे." मी दिलं. चहा मी केला होता. तुम्ही घेतला नाही, गणेशभाऊजींनी दोन वेळा घेतला.

एक गोष्ट लिहायची आहे, कारण तुम्ही ती कुणाला सांगणार नाही. संध्याकाळी हरीओम आणि भाऊजींनी आईंना खुर्चीत बसवून वर आणलं. बाबा गेल्यापासून त्या पहिल्यांदा गच्चीवर आल्या. चारी कोपऱ्यांतल्या सळयांकडे त्यांनी बघितलं, मग मधल्या मातीकडे, आणि म्हणाल्या, "उज्ज्वले, तुह्या खोलीत गवत पेरून राह्यली का व?" तुम्ही तोंड फिरवलंत आणि कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिलात. मी पाहिलं.

म्हणून विचारते. ही माती राहिली तर तुमची खोली होत नाही. खोली केली तर आईंना दोन उन्हाळे सिमेंटच्या धुळीत आणि गवंड्यांच्या ठोकाठोकीत काढावे लागतील, ते त्यांना झेपणार नाही. पुढे मला ऐकवू नका की राखीने फसवून माळा घेतला. काय करायचं ते तुम्ही लिहा. मी कागद सांभाळून ठेवते, तुम्हाला माहीत आहेच.

राखी


शिरपूर जैन
१५ सप्टेंबर २०२४

राखी,

लिहून देते.

आई आहे तोवर माती राहील. माझी खोली थांबेल. आई गेली, तिचं सगळं उरकलं, की मी गवंडी घेऊन येईन, आणि त्या दिवशी तू, हरीओम किंवा तुझ्या बचत गटाने मधे यायचं नाही. तोवर सळयांना गंज लागू देऊ नको, रंग लावून घे. माळा माझाच आहे. मी तो आईच्या डोक्यावर धरला आहे, तुझ्या नाही.

कठड्यापाशी मी शेजाऱ्यांची टाकी बघत होते.

उज्ज्वला


वाशीम
२० मे २०२५

उज्ज्वलाताईंना,

सळयांना रंग लावला. लाल.

बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं आहे. आईंच्या खोलीत दुपारी शेजारच्या दोन म्हाताऱ्या येऊन जमिनीवर आडव्या होतात, त्यांना उठवायला त्यांच्या सुना येतात आणि त्याही बसून राहतात. पुढच्या गल्लीतल्या एकीने मला विचारलं, कोणती माती. मी तिला तुमच्या गावाचं नाव सांगितलं. घोळ सगळीकडे पसरली आहे. आठवड्यातून एकदा आईंना तिची भाजी लागते, डाळ घालून. जेवताना म्हणतात, "उज्ज्वलीच्या खोलीतली हाये."

आता मुद्दा. तुमचा लिहून दिलेला कागद मी देवाच्या फोटोमागे ठेवला आहे. आई आहेत तोवर माती. ठीक आहे. मग माझंही ऐकून ठेवा. सकाळी त्यांना मी हात धरून अंगणात फिरवते, त्या शिव्या देतात, तरी फिरवते. गोळ्या माझ्यासमोर गिळायला लावते. साखर बंद केली आहे, तुम्ही चोरून पेढे आणता ते यापुढे आणू नका, उशीखाली सापडतात. दर महिन्याला डॉक्टर होतात. मागच्या वेळी ते म्हणाले, म्हातारी तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.

तुमची खोली मी होऊ देत नाही, ताई. शंभर वर्षं पुरी केल्याशिवाय मी त्यांना सोडणार नाही. तुमच्या सळया रंगासकट झिजून जातील.

राखी


शिरपूर जैन
२४ मे २०२५

राखी,

पांढऱ्या मातीला दर पावसाळ्याआधी वरून नवा हात द्यावा लागतो, नाहीतर भेगा धरतात. चार पोती किसनसिंगच्या गाडीत टाकली आहेत, भाजीच्या खाली. चाळून पाठवली आहे. रविवारी चोपायला मी येते. चहा कर.

पेढे बंद.

जगवून दाखव.

उज्ज्वला